उतरताना दुखरा पाय आधी

आईच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली, त्याला ज्येष्ठात वर्ष झालं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या ताईंनी तिला जिन्यापाशी उभं केलं आणि एकच नियम सांगितला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी चांगल्या बाजूच्या हातात. कारणही नीट समजावलं. चढताना जो पाय वर जातो तो सगळं अंग उचलतो. उतरताना जो पाय मागं, वरच्या पायरीवर राहतो तो वाकून भार धरतो. म्हणजे दोन्ही वेळा कष्टाचं काम चांगल्या पायाकडं राहतं. आईनं हे वाक्य अभंगासारखं पाठ केलं. घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सुद्धा ती ओठातल्या ओठात म्हणायची, "उतरताना दुखरा पाय आधी."

चाळीस वर्षं तिनं शाळेचे गणवेश शिवले. सोलापुरात गणवेशाचं काम घरोघर चालतं, आमच्याही घरी ठोक व्यापाऱ्याचे गठ्ठे यायचे आणि पायमशीन रात्री अकरापर्यंत थांबायचं नाही. गुडघे त्या मशीननं खाल्ले असं ती म्हणते. पण वर्षातून एक रात्र ती मशीन झाकून ठेवायची. कोजागिरीच्या आदल्या रात्री तुळजापूर नाक्याजवळच्या रूपाभवानीला नारळ फोडून ती तुळजापूरला पायी निघायची. सलग सव्वीस वर्षं. ज्यांनी ती रात्र पाहिलेली नाही त्यांना सांगते, सोलापूर-तुळजापूर हा पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता त्या वेळी गाड्यांना बंद होतो आणि सगळा रस्ता माणसांचा होतो. कर्नाटकातनं आलेली माणसं असतात, विजापूरकडची, कलबुर्गीकडची. कुणी अनवाणी, कुणाच्या डोक्यावर परडी, कुणाच्या कडेवर लेकरू. वाटेत लोक केळी देतात, चहा देतात, तळपायाला तेल लावून देतात. "आई राजा उदो उदो" एका टोकाला सुरू झालं की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मागनं नवीन उठतं. दुसऱ्या दिवशी आई एसटीनं परत यायची तेव्हा घमेल्यात गरम पाणी आणि मीठ घालून ठेवणं हे माझं काम होतं. सात-आठ वर्षांची असल्यापासून मी ते केलं.

गुडघा बिघडला आणि हे चालणं थांबलं. ऑपरेशन चांगलं झालं, दुखणं गेलं, तरी पंचेचाळीस किलोमीटरची गोष्ट संपली हे तिला न सांगताच कळलं होतं. त्यावर ती काही बोलली नाही. आषाढात मात्र एका दुपारी शेंगा निवडता निवडता म्हणाली, "एकदा रामाची वाट करून येऊया की. गाडीनं चालंल."

रामाची वाट हा आमच्या घरातला शब्द. माझ्या आजीनं लग्नानंतर आईला तीन ठिकाणी नेलं होतं. रामलिंग, येडाई आणि तुळजापूरची घाटशीळ. तिन्ही बालाघाटच्या डोंगरात आहेत आणि तिन्ही एकाच कथेत बसतात. रावण सीतेला घेऊन निघाला, जटायूनं त्याला अडवलं आणि पंख तुटून तो येडशीजवळच्या दरीत पडला. रामानं बाण मारून पाणी काढलं आणि त्याच्या चोचीत घातलं. ते रामलिंग. पुढं राम झाडाझुडपांना सीता विचारत हिंडत होता. ते बघून पार्वतीला वाटलं, याची परीक्षा घेऊया, आणि ती सीतेचं रूप घेऊन पुढ्यात आली. रामानं ओळखलं. "तू का आई?" म्हणाला, म्हणून ती तुकाई. "वेडी आहेस" म्हणाला, म्हणून येरमाळ्याची येडाई. मग तिनं घाटातल्या शिळेवर उभं राहून रामाला लंकेची वाट दाखवली, म्हणून घाटशीळ, आणि म्हणून तुळजाभवानीला रामवरदायिनी म्हणतात. गावोगाव ही कथा थोडी थोडी वेगळी सांगतात. आमच्या घरात ती अशी आहे.

मी हो म्हटलं आणि मग विचार करायला लागले. डोंगरातले देव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वर चढणाऱ्या पायऱ्या येतात. बालाघाटात तसं नेहमी नसतं. हा डोंगर फार उंचही नाही, माथा सपाट, काळा दगड. इथं पडणारा पाऊस एका बाजूनं भीमेकडं जातो आणि दुसऱ्या बाजूनं गोदावरीकडं. गाडी घाट चढून माथ्यावर येते आणि देव खाली असतो, डोंगराच्या कुशीत. तुळजापूरला महाद्वारातनं खाली उतरायचं. रामलिंगला तर दरीतच उतरायचं. म्हणजे आईच्या गुडघ्याला जे अवघड तेच आधी करायचं आणि परत यायला चढायचं.

महिनाभर तयारी केली. आधी आमच्या बिल्डिंगचा एक जिना, मग दोन, मग तीन, सकाळ-संध्याकाळ. संध्याकाळी सिद्धेश्वराच्या देवळात जायचो. तळ्यातलं ते देऊळ संध्याकाळी फार सुंदर दिसतं आणि आईला तिथं चालायला कंटाळा येत नाही. दगडी फरशीवर अनवाणी चालायची सवय व्हावी म्हणून मुद्दाम तिथं. घरातल्या गुळगुळीत फरशीवर शिकलेला पाय देवळातल्या खडबडीत दगडावर बावरतो हे मला तिथंच पहिल्यांदा कळलं. डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, सावकाश जा, कठडा सोडू नका, खाली मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही.

हे शेवटचं वाक्य ऐकायला सोपं आहे. पण उकिडवं बसायचं नाही म्हणजे भारतीय पद्धतीचं शौचालय चालत नाही, आणि प्रवासात तेच सगळीकडं. दोन दिवसांच्या वाटेवर म्हातारं माणूस कमी पाणी पिऊन चालवायला बघतं, आणि त्यानं चक्कर येते. मी एक घडीची कमोडची खुर्ची विकत आणली आणि डिकीत ठेवली. आईला आधी लाज वाटली. नंतर त्या खुर्चीमुळंच ती पोटभर पाणी प्यायली. गुडघे बदललेल्या माणसाला घेऊन जाणाऱ्या कुणालाही मी पहिल्यांदा हेच सांगेन. नारळ विसरला तर तिथं मिळतो.

दिवस ठरवताना पंचांग आणि गर्दी दोन्ही बघितलं. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळायची होती. रामलिंगला श्रावणी सोमवार टाळायचा होता. भाद्रपदात घरी गणपती, शिवाय वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत तुळजाभवानीची नवरात्राआधीची निद्रा. देवी पलंगावर असते त्या दिवसांत. आईला तिला सिंहासनावर बघायचं होतं. म्हणून नारळी पौर्णिमा झाल्यावरचा बुधवार-गुरुवार धरला. माझा भाचा गाडी घेऊन यायला तयार झाला. त्याची आज्जीवर माया आहे आणि तो गाडी सावकाश चालवतो.

पहाटे पाचला निघालो. रूपाभवानीपाशी आईनं गाडी थांबवायला लावली. उतरली नाही, काच खाली करून हात जोडले. पुढं उळे, तामलवाडी. एकेका ठिकाणी ती बोट दाखवत होती. इथं पहिला चहा व्हायचा. इथं एकदा पाऊस लागला आणि आम्ही सगळ्याजणी एका गोठ्यात बसलो. इथं तुझी मावशी रडायला लागली, पाय उचलंना म्हणून. चारपदरी रस्त्यानं गाडीला हे अंतर तासाभराचं आहे. आईला ते चालून रात्रभराचं माहीत होतं, त्यामुळं तिच्या आठवणी मागं राहत होत्या आणि गाडी पुढं पळत होती. मी भाच्याला अजून सावकाश घ्यायला सांगितलं.

घाट लागला तेव्हा उजाडत होतं. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव अशा ८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचं काम चाललंय, भाच्यानं आज्जीला ते सांगितलं. आई म्हणाली, "रेल्वे येऊ दे, बायका चालतच येतील."

तुळजापुरात आमच्या घराण्याच्या पुजाऱ्यांकडं उतरलो. तिथं ही पद्धत अजून आहे, घराण्याचा पुजारी ठरलेला असतो आणि सोय त्यांच्या घरी होते. हातपाय धुऊन, नवी साडी नेसून आई तयार झाली. ओटीचं सामान तिनं घरनंच आणलं होतं. हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, नारळ, हिरव्या बांगड्या. खण तिनं स्वतः निवडला होता, त्यासाठी मला दोन दुकानं हिंडवली.

राजे शहाजी महाद्वारापाशी आम्ही उभ्या राहिलो आणि खाली बघितलं. पायऱ्या ओल्या होत्या. रात्री पाऊस झाला होता. मी मनात आकडा धरायला लागले तेवढ्यात आई म्हणाली, "मोजू नको. मोजलं की वाढतात."

दर्शनाची रांग वेगळ्या मार्गानं फिरून जाते. पुजारीकाकांनी बोलून ठेवलं होतं, कमी वळणाच्या वाटेनं नेतो म्हणाले. तरी उतरायचं ते उतरायचंच होतं. मी तिच्या एक पायरी खाली, तिच्याकडं तोंड करून. भाचा मागं. तिच्या डाव्या हातात काठी, उजवा हात कठड्यावर. आधी काठी खालच्या पायरीवर टेकवायची, मग दुखरा पाय खाली, मग चांगला पाय त्याच पायरीवर. एका पायरीवर दोन्ही पाय आल्याशिवाय पुढची पायरी नाही. मागनं माणसं येत होती. ही सगळ्यात अवघड गोष्ट असते, मागनं येणारी माणसं. घाई कुणी करत नव्हतं, पण त्यांच्या थांबण्याचंही ओझं वाटतं. आईला ते जाणवलं असावं. चौथ्या की पाचव्या पायरीवर ती थांबली, बाजूला सरकली आणि मोठ्यानं म्हणाली, "जावा माय, तुम्ही पुढं व्हा. मी निवांत हाय." मग दर दहाएक पायऱ्यांनी ती तसंच करायची. माणसं पुढं जायची, आम्ही मागं राहायचो, आणि त्या थांबण्यात तिला श्वास मिळायचा. एक आराधी बाई, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू, आमच्यासाठी थांबली. तिनं आईच्या काठीला हात लावून नमस्कार केला. का केला ते आम्ही विचारलं नाही.

वाटेत गोमुख तीर्थ, कल्लोळ तीर्थ. कल्लोळात उतरून पाय धुणं आईला जमणार नव्हतं. मी ओंजळीत पाणी आणून तिच्या पायांवर घातलं. सव्वीस वर्षं चाललेले पाय, एका गुडघ्यावर उभी लांब खूण. त्या खुणेवर पाणी घातलं तेव्हा तिनं डोळे मिटले.

सरदार निंबाळकर दरवाजातनं आत गेलं की अंगण लागतं, समोर होमकुंड, पलीकडं देऊळ. दर्शन किती वेळ झालं असेल? अर्धं मिनिट. गाभाऱ्यासमोर कुणालाच जास्त वेळ उभं राहता येत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, मागं शेकडो माणसं असतात. काळ्या गंडकी शिळेची अष्टभुजा मूर्ती, महिषासुराला मारणारी, भरजरी साडीत. मूर्ती चल आहे, म्हणजे पक्की बसवलेली नाही. म्हणूनच निद्रेच्या काळात तिला उचलून पलंगावर ठेवता येतं. आईनं ओटी पुजाऱ्यांच्या हातात दिली. तिचे ओठ हलत होते. मग तिला वाकायचं होतं. कमरेत वाकून हात जोडता आले, पण खाली डोकं टेकता येईना. गुडघा तिथं अडतो. तिनं एकदा प्रयत्न केला, भाच्यानं धरलं.

बाहेर अंगणात आल्यावर ती मला म्हणाली, "माझ्या वाटणीचं तू टेक." मी होमकुंडासमोर ओल्या फरशीवर लोटांगण घातलं. कपाळ दगडाला लागलं तेव्हा दगड गार होता आणि कुंकवाचा वास येत होता. मी अशी शेवटची कधी झोपले होते देवासमोर, आठवत नाही. शहरातल्या नोकरीत, घाईच्या दर्शनात हात जोडण्यावर भागतं. उठले तर आईनं पदरानं माझं कपाळ पुसलं आणि पुसलेलं कुंकू स्वतःच्या कपाळाला लावलं.

देवळामागं चिंतामणीचा दगड आहे, गोल. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार, हलला नाही तर वेळ लागेल. शिवाजी महाराज मोहिमेआधी इथं कौल घ्यायचे असं सांगतात. आईनं हात ठेवले. काय विचारलं ते सांगितलं नाही. दगड फिरला, कुठल्या बाजूला तेही तिनं सांगू दिलं नाही.

चढून वर यायला उतरण्याच्या निम्मा वेळ लागला. चांगला पाय आधी. महाद्वाराशी आल्यावर ती म्हणाली, "चढाय काय लागतंय? उतरणंच शिकावं लागतं." एवढं बोलून चहा मागितला.

दुपारी पुजारीकाकांकडं पुरणपोळीचं जेवण झालं, ती झोपली. संध्याकाळी घाटशीळ. मी तिथं पूर्वी कधी गेलेच नव्हते, इतक्या वेळा तुळजापूरला येऊनसुद्धा. बहुतेक माणसं भवानीचं दर्शन घेऊन गाडीत बसतात. तिथं शांत होतं. घाटाच्या कडेला शिळा, आणि खाली सोलापूरकडचा मुलूख लांबपर्यंत. ढगांतनं ऊन पडत होतं, कुठं शेत उजळायचं, कुठं काळवंडायचं. आई कठड्याला टेकून उभी राहिली. "इथनं तिनं वाट दाखवली," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "इथनं आमची वाट पण दिसतीय बघ." खाली गाड्यांचे दिवे लागायला लागले होते. तोच रस्ता.

गुरुवारी पहाटे धाराशिव ओलांडून येडशीकडं निघालो. आई अजून उस्मानाबाद म्हणते आणि लगेच दुरुस्त करते. रामलिंगचा परिसर १९९७ साली अभयारण्य झाला, बावीसेक चौरस किलोमीटरचं. आपल्या दुष्काळी मुलखात एवढी हिरवी दरी आहे यावर सोलापूरच्या माणसाचा पटकन विश्वास बसत नाही. श्रावणात तर झाडांतनं खालचं काही दिसत नाही, नुसता पाण्याचा आवाज वर येतो. गाडीतनं उतरलो तेव्हा मोर ओरडत होता.

इथं दोन गोष्टी आधी करून ठेवल्या. खाण्याचं सगळं गाडीत बंद केलं, कारण माकडं पिशवी बघतात. आणि आईच्या पायात मोजे घातले, ज्यांच्या तळव्याला रबराचे ठिपके असतात ते. ओल्या दगडावर अनवाणी पाय घसरतो, चप्पल त्याहून जास्त घसरते. देवळाच्या आवारापर्यंत मोजे ठेवले, तिथं काढले.

तुळजापुरात माणसांची गर्दी होती, इथं उतरताना आम्ही तिघंच. त्यामुळं आईनं आपली चाल धरली. काठी, एक पाय, दुसरा पाय. चौथऱ्यासारखी जागा दिसली की थांबायची, झाडं बघायची. तिला थांबताना बघून मी पण थांबायला शिकले. मी एरवी देवदर्शनाला जाते ती पोचायला. मधल्या पायऱ्या मला कधी आठवत नाहीत. त्या दिवशीच्या मला एकेक आठवतात. एका पायरीच्या फटीत निळी रानफुलं होती, एका ठिकाणी मुळांनी दगड उचलला होता, एका वळणावर दरीतनं गार वारा एकदम अंगावर आला आणि आई "हां" म्हणाली, घरात पंखा लावल्यावर म्हणते तसं.

एक ठिकाण मात्र वाईट होतं. पायरी मोडलेली आणि कठडा नाही. मी खाली उतरून दोन्ही हात पसरून उभी राहिले. आईनं दुखरा पाय खाली सोडला आणि तो टेकला नाही, पायरी नेहमीपेक्षा खोल होती. ती हवेतच थांबली. तिच्या तोंडावर भीती दिसली. ऑपरेशनला आत नेताना सुद्धा मी तिला अशी घाबरलेली बघितली नव्हती. भाचा मागनं म्हणाला, "आज्जी, पाय परत वर घे." तिनं घेतला. आम्ही तिघंही गप्प. परत फिरूया असं मी म्हणणार होते. तेवढ्यात तिनं काठी माझ्याकडं दिली, त्या पायरीवर वरच बसली, सरळ, पाय पुढं सोडून, आणि बसल्या बसल्या एक पायरी खाली सरकली. लहान मूल उतरतं तसं. मग माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. साडीला मागं चिखल लागला होता. "असं पण उतरता येतंय," म्हणाली. मी तिच्या साडीचा चिखल झटकत होते आणि माझे हात थरथरत होते.

दरीच्या तळाशी महादेवाचं देऊळ, भोवती ओढ्याचं पाणी, पलीकडं धबधबा. पाणी गढूळ तांबडं, जोरात. आत काळोख, पिंडीवर बेल, एक पुजारी आणि आम्ही. इथं कुणी "पुढं सरका" म्हणालं नाही. आई गाभाऱ्याबाहेर उभी राहून पिंडीकडं बघत राहिली, पंधरा मिनिटं तरी. जटायूच्या समाधीपाशी तिनं तांब्यातलं पाणी घातलं. "लांब राहिलेल्याला पाणी द्यावं लागतं," एवढंच म्हणाली. माझे वडील गेले तेव्हा ती वारीला गेलेली होती, पोचली तोवर उशीर झाला होता. याबद्दल आम्ही घरात कधी बोलत नाही. तिथंही बोललो नाही. मी तिच्या हातातला रिकामा तांब्या घेतला आणि ओढ्यावर भरून आणला. तिनं परत घातलं.

वर येताना त्या मोडक्या पायरीपाशी दोन तरुण पोरं भेटली, त्यांनी आपण होऊन हात दिला. अशा ठिकाणी एक लोखंडी नळी बसवायला किती खर्च येतो, मला माहीत नाही, पण तो खर्च कुणीतरी करायला हवा. देवळाला रंग द्यायच्या आधी कठडा द्यावा. म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत, ती यायची बंद होतात, आणि कुणाला कळतही नाही.

येरमाळ्याला पोचेपर्यंत दुपार झाली. गाडीत भाकरी, शेंगाची चटणी आणि दही खाल्लं. येडाईचा डोंगर मात्र चढायचा आहे, देवी वर आहे. गाडी जाईल तिथवर गाडीनं गेलो आणि उरलेलं आई चालली. दोन दिवसांच्या उतरण्यानं पाय थकलेला, पण चढाला ती घाबरत नव्हती. चैत्र पौर्णिमेनंतर इथं चुना वेचायचा सोहळा असतो, पालखी खाली आमराईत जाते, माणसं चुनखडीचे खडे वेचतात आणि त्या चुन्यानं देऊळ रंगवतात. आईनं नव्या सुनेच्या वयात ते खडे वेचले होते. "माझ्या खड्याचा रंग असंल की कुठंतरी आत, खालच्या थराला," भिंतीवर हात ठेवून ती म्हणाली. येडाईपुढं तिला डोकं टेकायची परत आठवण झाली. मी न सांगता खाली वाकले. भाचाही वाकला.

परत बार्शी, वैरागवरनं आलो. आई गाडी सुरू होताच झोपली ती सोलापूर येईपर्यंत.

रात्री तिच्या गुडघ्याला सूज होती. बर्फाची पिशवी ठेवली, पाय उशीवर उंच ठेवला, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. तीन दिवसांत सूज उतरली. चौथ्या दिवशी तिनं कपाट उघडून आपली कवड्यांची माळ काढली. पायी जाताना ती घालायची. माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "कोजागिरीला मी रूपाभवानीपर्यंत चालत येणार. तिथनं पुढं तू."

मी चालायला लागलेय. आधी नाक्यापर्यंत, मग थोडं पुढं. काल उळ्यापर्यंत जाऊन परत बसनं आले. दार उघडलं तर आई काठी टेकत स्वयंपाकघरातनं बाहेर येत होती, आणि खुर्चीपुढं घमेल्यात गरम पाणी काढलेलं होतं, मीठ घालून.